समरकंद : बिदरला अर्धी राहिलेली निळाई

बिदरचा महमूद गवानचा मदरसा ज्यांनी पाहिलाय, त्यांना समरकंदला का जायचं हे वेगळं सांगावं लागणार नाही. १४७२ सालची तीन मजली वास्तू. दर्शनी बाजूचा एकच मिनार आज उभा आहे. दुसरा मिनार आणि त्याला लागून असलेला भाग सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात गेला. उरलेल्या मिनारावर नागमोडी पट्ट्यांमध्ये रंगीत चकाकणाऱ्या फरशांचे तुकडे अजून तग धरून आहेत. बहमनी राज्याचा हा वजीर इराणातल्या गिलानचा. इराण-तुराणातले (तुराण म्हणजे समरकंदकडचा मध्य आशिया) मदरसे डोळ्यांसमोर ठेवून त्याने हे दख्खनमध्ये उभं केलं.

आमचा सोलापूरचा गट सुट्टीच्या दिवशी नळदुर्ग, परांडा, औसा, गुलबर्गा, विजापूर असा फिरत असतो. बहुतेक जण निवृत्त शिक्षक, बँकवाले, यंत्रमागवाले. बिदरला गेलं की कुणीतरी हमखास विचारणार, "हे सगळं धड असताना कसं दिसत असेल ओ?" उत्तर शोधायला उझबेकिस्तान गाठायचं असं ठरलं आणि एप्रिलच्या मध्यावर निघालो.

पहिला दिवस : ताश्कंदहून समरकंद

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई आणि तिथून विमानाने ताश्कंद. सोलापूर सोडताना पारा चाळिशीच्या वर होता, ताश्कंदला उतरलो तर पाऊस पडत होता. सुती कपड्यांवर निघालेल्या मंडळींनी विमानतळावरच बॅगा उघडून स्वेटर काढले.

ताश्कंद ते समरकंद 'अफ्रोसियोब' ही वेगवान गाडी सव्वादोन तासांच्या आत पोचवते. सहलवाल्याने तिकिटं उशिरा काढली आणि गटातल्या अर्ध्याच लोकांना त्या गाडीत जागा मिळाली. बाकीचे आम्ही साध्या गाडीने गेलो. सुरुवातीला धुसफूस झाली. पण सगळ्या सहलीतला माझा सर्वात आवडता प्रवास तोच ठरला.

आमच्या डब्यात एक आजी होत्या, सोबत दहा-बारा वर्षांचा नातू. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पुढचे दात सोन्याचे. गाडी सुटताच त्यांनी मधल्या टेबलावर कापड अंथरलं, पिशवीतून गोल रोटी काढून हाताने तुकडे केले आणि ते आमच्याकडे सरकवले. सोबत उकडलेली अंडी, काकड्या. आमच्याकडूनही डबे उघडले गेले : धपाटे, शेंगा चटणी आणि कडक भाकरी. आजींनी भाकरी हातात घेऊन वाकवायचा प्रयत्न केला. ती कडकन मोडली तशा त्या मोठ्यांदा हसल्या. मग चटणी. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. पण आमच्या अक्कांनी दह्यात कालवून दिल्यावर त्यांनी पुन्हा मागून घेतली. नातू मोबाईलवरून भाषांतर करत होता. आजींचे प्रश्न नेमके होते : मुलं किती, नातवंडं किती, आणि या बाईंनी जन्मात कधी मांस खाल्लं नाही हे खरं आहे का? उतरताना त्यांनी एक अख्खी भाकरी रुमालात बांधून घरी नेली.

खिडकीबाहेर दूरवर बर्फाचे डोंगर आणि जवळ काळीभोर, नुकती पेरणीला आलेली रानं. हा देश कापसाचा. चहा आला तो निळ्या पेल्यांतून. त्या निळ्यावर पांढरं, सोनेरी कडेचं उमललेलं बोंड होतं. आमच्यातले यंत्रमागवाले काका तो पेला किती तरी वेळ फिरवून बघत होते. त्यांचे वडील जुन्या मिलमध्ये होते. "आपण आयुष्यभर यावर जगलो, पण कपबशीवर कधी काढलं नाही," एवढंच ते म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी : वेगवान गाडीची तिकिटं हंगामात फार लवकर संपतात, विमानाच्या तिकिटापाठोपाठ तीच काढून ठेवा. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला सव्वाशे ते दीडशे सोम मिळत होते. लाखांच्या नोटा पाहून घाबरू नका.

दुसरा दिवस : रेगिस्तान, बीबी खानम

सकाळी लवकर रेगिस्तान चौकात गेलो. तिन्ही बाजूंना एकेक मदरसा, चौथी बाजू मोकळी. डावीकडचा तैमूरचा नातू उलूगबेग याचा, १४१७ ते १४२० मध्ये बांधलेला. त्याच्यासमोर शेरदोर, १६१९ ते १६३६. मधला तिल्याकोरी, १६४६ ते १६६०. म्हणजे डावी आणि उजवी बाजू यांत दोनशे वर्षांचं अंतर आहे, तरी नंतरच्या बांधणाऱ्याने आधीच्याचा मान राखून उंची, रुंदी जुळवून घेतली आहे. शेरदोरच्या कमानीवर हरणामागे धावणारे वाघासारखे सिंह आहेत आणि त्यांच्या पाठीवर माणसाचा चेहरा असलेला सूर्य. मदरशाच्या दारावर प्राणी आणि चेहरे बघून आम्ही सगळेच थबकलो.

आम्ही गेलो होतो ते फरशा बघायला. भिंतीला नाक लावून बघितल्यावर कळलं की एकच एक पद्धत नाही. मोठ्या पृष्ठभागांवर साध्या भाजक्या विटांमध्ये निळा लुकण (काचेसारखा चकाकता लेप) दिलेल्या विटा बसवून अक्षरं आणि चौकटी विणल्या आहेत. लांबून नक्षी वाटते, जवळून नुसत्या विटा. कमानीच्या आत मात्र प्रत्येक पान, प्रत्येक देठ वेगळ्या रंगाच्या फरशीतून कापून, घासून शेजारच्याशी जुळवला आहे. फिरोजी रंग तांब्याचा, गडद निळा कोबाल्टचा. रंगाटीतलं कळणाऱ्या काकांनी हे वाटाड्याने सांगायच्या आधीच सांगितलं. आणि मग बिदरच्या मिनारावरचे ते सुटे तुकडे कशाचे आहेत ते लख्ख दिसलं. ती नागमोडी पट्टी, तिच्यातला पांढरा, निळा, वरच्या बाजूला जाणारा अक्षरांचा पट्टा, सगळ्याची जागा लागली. आमच्यातल्या एकाने मोबाईलमधला बिदरचा फोटो उघडून तो कमानीशेजारी धरला आणि सगळे भोवती गोळा झाले.

उलूगबेग मदरशाचा ईशान्येचा मिनार भूकंपांनी कलला होता. १९३२ मध्ये शुखोव या रशियन अभियंत्याच्या योजनेनुसार तो अख्खाच्या अख्खा फिरवून सरळ केला गेला. वीट न उतरवता.

तिल्याकोरीच्या आतलं सोनेरी छत बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. घुमट वाटतो, प्रत्यक्षात छत सपाट आहे. नक्षी मध्याकडे लहान होत जाते म्हणून डोळा फसतो. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते आवारातल्या एका दालनातलं जुन्या फोटोंचं प्रदर्शन. शंभर वर्षांपूर्वीचं रेगिस्तान : फरशा गळून पडलेल्या, कमानी फाटलेल्या, चौकात मातीचे ढीग. आज दिसतो तो तिल्याकोरीचा निळा घुमटसुद्धा सोव्हिएत काळात चढवलेला आहे. म्हणजे आम्ही "पूर्ण" म्हणून जे बघत होतो त्यातलं पुष्कळसं विसाव्या शतकातल्या कारागिरांच्या हातचं. गटात यावरून चांगला वाद झाला. माझं मत असं की, काही ठिकाणी दुरुस्ती फार चकचकीत झाली आहे, जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे सांगणारी खूण ठेवायला हवी होती. तरीही हे उभं केलं नसतं तर आमच्यासारख्यांना बिदर वाचता आलं नसतं.

जिथे विद्यार्थी राहत त्या खोल्यांतून आता दुकानं आहेत. एका खोलीत वाद्यं होती : रुबाब, दुतार, आणि आतून कड्या लावलेली दोइरा नावाची डफासारखी चौकट. आमच्यातले एक मामा गड्ड्याच्या जत्रेत, मिरवणुकीत हलगी वाजवत आलेले. त्यांनी दोइरा हातात घेतली, काठ्या नाहीत म्हणून बोटांनीच चाचपली आणि हलगीची एक कडाडती चाल धरली. दुकानदार आधी ऐकत राहिला, मग भिंतीवरची दुसरी दोइरा काढून त्याने उत्तर दिलं. मामांनी चाल दुप्पट केली, त्याने तिच्यात कड्यांची झणझण मिसळली. बाहेर लग्नाचे फोटो काढायला आलेलं जोडपं दारात येऊन उभं राहिलं, नवरीने घागरा सावरत ताल धरला. मामांना एकही उझबेक शब्द येत नाही. पैसे घ्यायचं नाव न काढता दुकानदाराने चहा मागवला.

चहाची रीत इथेच कळली. पहिला पेला तीन वेळा किटलीत परत ओतायचा. आणि पाहुण्याला पेला अर्धाच भरून द्यायचा; पुन्हा पुन्हा विचारायला मिळावं म्हणून. काठोकाठ भरून दिला तर आता निघा, असा अर्थ.

दुपारी बीबी खानम मशीद. इथे मन थोडं जड झालं. तैमूर १३९८ मध्ये दिल्ली लुटून आला आणि १३९९ मध्ये ही मशीद बांधायला घेतली. दगड वाहायला हिंदुस्थानातून आणलेले ९५ हत्ती होते, असं त्याच्या दरबारी इतिहासात लिहिलं आहे. दिल्लीचे पाथरवटही पकडून आणलेले. पाच वर्षांत घाईघाईने उभी केलेली ही वास्तू लवकरच ढासळू लागली, १८९७ च्या भूकंपात उरलंसुरलं कोसळलं. आजची कमान पुन्हा बांधलेली. आवारात संगमरवराचं प्रचंड कुराण-आसन आहे. त्याच्याशी उभं राहून आमच्या इतिहासाच्या निवृत्त बाई शांतपणे म्हणाल्या, "यातल्या कुठल्या दगडावर आपल्या माणसाचा हात असेल, कोण सांगणार?" तिथे फोटो फारसे कुणी काढले नाहीत.

मशिदीला लागूनच सियोब बाजार. समरकंदची रोटी वजनदार, कडेला फुगीर, मधे दाबून ठशाची नक्षी, वर तीळ आणि आरशासारखी चकाकी. विकणाऱ्या बायका लहान मुलांच्या गाड्यांतून रोट्या आणतात. एक अक्का रोटी पालथी ठेवायला गेल्या तर शेजारच्या बाईंनी हळूच सुलटी केली. रोटी पालथी ठेवायची नाही, जमिनीवर तर नाहीच. ती बरेच दिवस टिकते, आपल्या कडक भाकरीसारखी. शिळी झाली की पाणी शिंपडून गरम करायची.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये, पण तयारीने जावं. इथला पुलाव मटणाचा, वर पिवळ्या गाजराचे थर. समरकंदमध्ये भात, गाजर, मटण न मिसळता थरांनीच वाढतात. आमच्यातल्या खाणाऱ्यांनी तो आडवा हात मारून खाल्ला. न खाणाऱ्यांसाठी भोपळ्याचे सामसे (तिथले समोसे), टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, घट्ट दही, रोटी, सुकामेवा. सामसा भोपळ्याचा आहे का हे विचारून घ्या, कारण त्यातही चरबी घालतात. शेंगा चटणी मात्र न्याच. रोटीवर तूप आणि शेंगा चटणी हा आमचा रोजचा नाश्ता झाला.

तिसरा दिवस : शाह-ए-झिंदा आणि आकाश मोजणारा राजा

हा दिवस शाह-ए-झिंदासाठी राखून ठेवा आणि सकाळी गर्दीच्या आधी पोचा. टेकडीवर चढत जाणारी अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना कबरींच्या इमारती. प्रेषितांचे चुलतभाऊ कुसम इब्न अब्बास यांची ही जागा मानली जाते, म्हणून गावोगावचे लोक दर्शनाला येतात. पायऱ्या चढताना मोजायच्या, उतरताना मोजायच्या; आकडा जुळला तर इच्छा पुरी होते. आमच्या अक्का दोन्ही वेळा मोठ्याने मोजत होत्या, त्यांच्यामागे तिथल्या दोन बायका उझबेकमध्ये. खाली आल्यावर बोटांवर आकडे दाखवले, दोघींचे जुळले, आणि त्यांनी अक्कांना मिठी मारली.

डाव्या हाताला शादी मुल्क आका हिची कबर, १३७२ ची. तैमूरच्या भाचीसाठी त्याच्या बहिणीने बांधवलेली. इथे दुरुस्तीची गरज जवळजवळ पडलीच नाही, म्हणजे साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या हाताने लावलेली फरशी जिथल्या तिथे आहे. नुसती रंगवलेली नाही, भाजण्याआधी माती कोरलेली आहे. वेलीची कड इतकी खोल की बोटाचं पेर आत जाईल, आणि त्या खोलीत फिरोजी लुकण साचून गडद झालाय. दोन फरशांमधल्या सांध्यात नखही शिरणार नाही. रेगिस्तानवरच्या कालच्या वादाला उत्तर इथे मिळालं असं मला वाटतं : रेगिस्तानात आराखडा दिसतो, हात इथे दिसतो. आणि बिदरच्या मिनारावर जे थोडं उरलंय तेही असंच अस्सल आहे.

दुपारी उलूगबेगची वेधशाळा. तैमूरचा हा नातू राज्यापेक्षा ताऱ्यांत जास्त रमला. १४२० च्या दशकात त्याने तीन मजली गोल वेधशाळा उभारली. तिच्यातल्या कोनमापक कमानीची त्रिज्या सुमारे ४० मीटर. जमिनीखालचा कमानीचा भाग तेवढा शिल्लक आहे, तो १९०८ मध्ये रशियन पुरातत्त्वज्ञ व्याटकिन यांनी शोधून काढला. दुर्बिणीआधीच्या काळात या माणसाने १०१८ ताऱ्यांची यादी १४३७ मध्ये पूर्ण केली, आणि नाक्षत्र वर्षाची लांबी काढली ती आजच्या गणितापेक्षा फक्त मिनिटभराने चुकली. जयपूर-दिल्लीच्या जंतरमंतरवाल्या सवाई जयसिंगाने त्याचीच कोष्टकं अभ्यासली होती. आमच्या गणिताच्या बाई त्या खंदकाकडे बघत वाटाड्याला प्रश्नांवर प्रश्न विचारत होत्या, शेवटी तो म्हणाला, "बाई, आता तुम्हीच सांगा." आणि त्यांनी कागदावर कोन काढून सगळ्यांना समजावलं.

अफ्रासियाबचं, म्हणजे जुन्या समरकंदचं, संग्रहालय छोटं आहे, पण सातव्या शतकातली भित्तिचित्रं चुकवू नका. १९६५ मध्ये सापडलेली, राजदरबारात देशोदेशीचे दूत आलेले. चंगीझखानाने १२२० मध्ये हे जुनं शहर उद्ध्वस्त केलं.

चौथा दिवस : कागद, आणि तैमूरची कबर

कोनिगिल गावात ओढ्याकाठी कागद बनवतात. तुतीच्या फांद्यांची साल सोलायची, वरचा तपकिरी थर खरवडून काढायचा, उकळायची आणि पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी मुसळांखाली कुटायची. लगदा पाण्यात ढवळून चाळणीवर उचलायचा, दाबायचा, वाळवायचा. शेवटी गुळगुळीत दगडाने घासून चमक आणायची. घासणारी मुलगी फार तर विशीतली होती. काकांनी विचारलं, दिवसाला किती? तिने हसून हात दुखतात अशी खूण केली आणि दगड काकांच्याच हातात दिला. त्यांनी एक ताव घासून दिला, तो तिने त्यांना तसाच भेट दिला.

गूर-ए-अमीर संध्याकाळी पाहिलं. फाकांचा निळा घुमट, आत सोनं, आणि मधे गडद हिरव्या दगडाची तैमूरची कबर. ती त्याच्या गुरूच्या, मीर सय्यद बरकाच्या, पायाशी आहे. विजापूरच्या गोलघुमटाखाली वाढलेल्या आम्हांला हा घुमट आतून लहान वाटला. याचं कारण याला दोन कवचं आहेत : आतला बुटका, बाहेरचा उंच, मधे पोकळी. गोलघुमटाचं कवच एकच, म्हणून तिथे आत शिरताच ती अफाट उंची अंगावर येते.

"दिल्ली लुटणाऱ्याला मी हात जोडणार नाही," असं इतिहासाच्या बाईंनी बाहेरच सांगून टाकलं होतं. कुणी जोडलेही नाहीत. पण उलूगबेगही इथेच पुरलेला आहे. १४४९ मध्ये त्याच्या स्वतःच्या मुलाच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला; १९४१ मध्ये कबर उघडली तेव्हा हाडांवरून ते सिद्ध झालं. गणिताच्या बाई त्याच्या कबरीसमोर थांबल्या आणि त्यांनी मनापासून नमस्कार केला. मग इतिहासाच्या बाईंनीही.

शेवटचा दिवस : ताश्कंद

परतीच्या विमानाआधी शास्त्रीजींच्या पुतळ्याला हार घालायचा हे सोलापुरातच ठरलं होतं. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री ते गेले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर पुतळा आहे, आसपास स्वच्छता, झाडं. शास्त्रीजींच्या हाकेवरून सोमवारच्या रात्रीचं जेवण सोडलं, ते दिवस ज्येष्ठांनी सांगितले. "आमच्याकडे सोमवार सिद्धरामेश्वराचा होताच, त्या वर्षी तो देशाचाही झाला," असं एक आजोबा म्हणाले. फुलं घेताना फुलवालीने कुणासाठी ते विचारलं, नाव ऐकताच दोन फुलं जास्त घातली. इथे फुलं विषम संख्येने देतात. सम संख्या मृतांसाठी. तिने मोजून सम केली.

चोरसू बाजारात खरेदी आटोपली. बोंडाच्या नक्षीचे ते निळे पेले सगळ्यांनीच घेतले. पर्यटकांसाठीच्या भेटवस्तूंच्या दुकानात दुप्पट भाव सांगतात, बाजारातल्या भांडीवाल्याकडे घ्या आणि रोट्यांच्या मधे घालून बॅगेत भरा, एकही फुटत नाही. भुयारी रेल्वेसाठी तासभर ठेवा, अंतराळवीरांचं कॉस्मोनावतलार स्थानक तरी बघाच. आणि जायचं असेल तर एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जून-जुलैचं तिथलं ऊन आपल्याला घरबसल्या सोलापुरात मिळतंच.